मीठवाल्याच्या तोंडातला खडा

१

मीठवाला मेला, आणि तोही थोरलीच्या गुहेत, ही बातमी जाळ्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना सगळ्यांत आधी कळली आणि शहराच्या तपासनीस बाईंना सगळ्यांत शेवटी. याला कारण होतं. मेलेला माणूस बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. त्यांना जाऊन सांगायचं कोणी? शहरात बाईंना पाठीमागे 'गोचीड' म्हणत, कारण एकदा चिकटल्या की रक्त निघाल्याशिवाय सुटत नसत. अशा बाईला भाऊ मेल्याचं सांगायचं म्हणजे जिवाशी खेळ. शेवटी गुहेचा म्हातारा दारवान रडत रडत आला आणि बोलायच्या आधीच बाईंना सगळं कळलं.

थोरली कोण, ते आधी सांगायला हवं. शहर पोकळ डोंगरावर वसलेलं आणि डोंगराच्या पोटात ती. किती मोठी, कशी दिसते, कोणी विचारू नये. खाली दिवा नेत नाहीत. तिला स्वतःला डोळे नाहीत, पण कान असे की माणसाचा आवाज झाला रे झाला की ती आलीच. मात्र तिच्या श्वासाची वाफ रस्त्यातल्या लोखंडी जाळ्यांतून वर येते आणि सगळं शहर तिच्यावर ऊब खातं. ती उपाशी राहिली की वर यायला बघते, म्हणून तिला मीठ नेऊन घालायचं. मीठ चाटलं की ती शांत पडून राहते. गाईसारखी, असं मीठवाला म्हणायचा. लोक म्हणायचे, हो, गाईसारखी, फक्त माणूस गिळणारी.

खाली जाणाऱ्याने तोंडात खडा धरायचा, हा शहराचा पहिला नियम. पोर रांगायला लागलं की आई-बाप नदीतून एक खडा आणतात, त्याला भोक पाडून दोऱ्याने गळ्यात बांधतात. मोठेपणी तो उतरवून बिनभोकाचा दुसरा घ्यायचा आणि मरेपर्यंत तोच वापरायचा. तोंडात खडा असला की माणूस दचकला तरी ओरडत नाही. दुसऱ्याचा खडा कोणी तोंडात धरत नाही, जसा दुसऱ्याचा दात कोणी लावत नाही.

बाई गुहेच्या दाराशी पोचल्या तेव्हा भावाला वर आणून चादरीवर ठेवलं होतं. डोक्याची मागची बाजू फुटलेली, छातीवर लांब ओरखडे. पलीकडे त्याची हातगाडी, तीवर नुसती ताडपत्री. मिठाचा कण उरला नव्हता.

"सगळं चाटून नेलं अवदसेनं," दारवान म्हणाला. "पण बाई, तोंड बघा त्याचं. मिटलेलं. शेवटपर्यंत खडा सोडला नाही पोरानं. असा शिस्तीचा माणूस परत व्हायचा नाही."

बाईंनी भावाची हनुवटी धरली आणि हलकेच तोंड उघडलं. आत काळा, खडबडीत खडा होता, दोन्ही बाजूंना माती घट्ट बसलेली. बाईंनी तो रुमालात बांधला. मग त्या उठल्या आणि इतक्या थंडपणे बोलल्या की दारवानाचं रडणं जागीच थांबलं.

"नगरप्रमुखांना सांगा, मला चुन्याचं चाक हवंय."

२

चुन्याचं चाक म्हणजे थोरलीचं मरण. डोंगराच्या माथ्यावर चुन्याच्या टाक्या आहेत. चाक फिरवलं की पाणी टाक्यांत शिरतं, चुना उकळतो आणि तसाच रटरटत गुहेत कोसळतो. एरवी थोरलीच्या केसालाही धक्का लावायला बंदी. पण तिने माणूस मारला आणि प्रेत हाती आलं, तर मेलेल्याच्या रक्ताच्या माणसाने हिशोब मागायचा, असा कायदा. मारणाऱ्याचं काय करायचं ते त्या माणसाने ठरवायचं, त्यापुढे नगरप्रमुखाचंही चालत नाही.

"थोरली गेली तर हिवाळ्यात पोरंबाळं गारठून मरतील," नगरप्रमुख हात चोळत म्हणाले. "बाई, थोडा विचार करा."

"माझा भाऊ गारठलाय. त्याचा विचार करून झाला माझा."

"बरं. पण चौकशी पुरी झाल्याशिवाय चाक देता येत नाही. तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला नेमू?"

"माझ्या भावाची चौकशी दुसरा कोण करणार? उद्या दुपारी चाकापाशी या."

चौकशी कसली, एक उपचार उरकायचा होता. बाईंच्या डोक्यात फक्त चाक होतं. आई गेल्यापासून त्यांनी या भावाला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तो मीठ न्यायला लागला तेव्हा त्या त्याच्याशी कडाकडा भांडल्या होत्या. तो नुसता हसला होता. "ताई, तुला वरची माणसं भेटतात, मला खालची थोरली. माझी बरी," असं म्हणून गेला होता.

दारवान दाराशेजारच्या खोलीत बसला होता. त्याच्या नातवंडांचा घोळका अंगणात खेळत होता, प्रत्येकाच्या गळ्यात आपापला खडा.

"काल त्याला आत सोडलं कोणी?"

"मीच की. दुपारी आला हातगाडी ढकलत. डोक्यावरून घोंगडी, तोंडात खडा. मी म्हटलं, काय रे, बायको बरी आहे ना? त्यानं मान हलवली. तोंडात खडा असल्यावर बोलणार कसा?"

"आणखी काही?"

म्हातारा जरा घुटमळला. "रागावू नका, मेलेल्या माणसाविषयी बोलू नये. रोज माझ्या शेळ्यांना मूठभर मीठ द्यायचा, कधी चुकला नाही. काल दिलं नाही. ताडपत्रीसुद्धा उचलली नाही. घाईत असेल बिचारा."

"त्याच्यानंतर कोण आलं, कोण गेलं?"

"चिटपाखरूही नाही. माझ्या पोरांची शपथ."

बाई उठल्या. मूठभर मिठाचं त्यांच्या मनात कुठेतरी अडकलं, पण रागाने भरलेल्या डोक्यात अशा गोष्टींना जागा नसते.

३

दगडवाल्याच्या वखारीत बाईंना पोचायच्या आधीच खुर्ची पुसून ठेवलेली होती.

"या, या बाई! ऐकून फार वाईट वाटलं हो," तो म्हणाला, आणि वाईट वाटल्याची एक सुरकुतीही त्याच्या गुबगुबीत चेहऱ्यावर नव्हती. "उद्या चाक जड गेलं तर हाक मारा. माझे दहा हमाल तयार आहेत."

"तुम्हाला एवढा पुळका कशाचा?"

"लपवायचं काय त्यात? थोरलीच्या अंगाखाली शहरातला सगळ्यांत देखणा दगड आहे. ती गेली तर मी तो काढणार. तुमच्या भावाने मला कधी आत पाऊल टाकू दिलं नाही. तिची झोप मोडेल म्हणे! वेडा होता. म्हणजे, चांगला होता."

"कधी खाली गेला होतात?"

"मी?" त्याने पोटावर हात ठेवला. "बाई, मला जिना उतरताना धाप लागते. आणि मला घोरण्याची सवय. जागेपणीसुद्धा."

याच्या थोबाडीत द्यावी असं बाईंना वाटलं. पण खोटं बोलणारा माणूस असा तोंड भरून खरं बोलत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला तिथेच सोडला.

घंटा ओतणाऱ्या ओताऱ्याचं घर शहराच्या टोकाला. गुहेतून वर येणाऱ्या उभ्या विहिरींमध्ये मोठाल्या घंटा टांगलेल्या असतात. थोरली वर सरकू लागली की तिच्या श्वासाने त्या हलतात आणि शहर जागं होतं. घंटा ओतायच्या, टांगायच्या आणि फुटल्या तर शिडी लावून दुरुस्त करायच्या, हे ओताऱ्याचं काम. बाई आल्या तसा तो भट्टीपासून उठला. हा एकच माणूस त्या दिवशी बाईंशी धड बोलला.

"बसा. पाणी घ्या आधी. सकाळपासून काही खाल्लं नसेल."

बाईंच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं. ओताऱ्याने तोंड वळवलं, त्यांना आवरायला वेळ दिला.

"तुमचा भाऊ काल सकाळी इथंच होता," तो म्हणाला. "हातगाडीच्या चाकाची लोखंडी धाव निखळली होती, ती बसवून दिली. हसत हसत गेला. इथून सरळ गुहेच्या वाटेनं. मी दारात उभा राहून बघत होतो."

"तुम्हाला तर माहीत आहे," बाई हळूच म्हणाल्या, "माणूस खालून परत न येणं म्हणजे काय."

"माझी पोर लहान होती." ओतारी भट्टीकडे बघत म्हणाला. "घंटेच्या विहिरीपाशी खेळत होती, आत उतरली, ओरडली. थोरली आली. प्रेत मिळालं नाही म्हणून मला चाक दिलं नाही. प्रेत दाखव म्हणाले! कुठून दाखवू? तिचा खडासुद्धा तिच्याबरोबर गेला. माझ्या हाताने त्याच्या भोकात तांब्याची कडी बसवली होती मी, दोरा झिजू नये म्हणून. गल्लीतल्या सगळ्या पोरी जळायच्या तिच्यावर. घरात तिचं म्हणून काही उरलं नाही, बाई."

त्याने बाईंचे दोन्ही हात धरले. "तुम्हाला प्रेत मिळालंय. मागे हटू नका. कोणी पाया पडलं तरी हटू नका."

"हटणार नाही," बाई म्हणाल्या. आणि त्या वेळी हे अगदी मनापासून होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भावाच्या घरी गेल्या. भावजय चुलीपाशी बसली होती, डोळे सुजून लाल. तिने बाईंपुढे भाताची थाळी सरकवली.

"खाऊन घ्या, वन्सं. चाक फिरवायला अंगात जोर लागेल."

"तू पण खा."

"मला जात नाही घास. तेरवा रात्री भांडले मी त्यांच्याशी. परवा सकाळी ते गाडी घेऊन निघाले तर मी तोंड वर करून बघितलंही नाही. म्हणाले, आज सुट्टी, धाव बसवून घेऊन येतो, दुपारी जेवायला आहे. मी म्हटलं, नका येऊ." ती ओंजळीत तोंड घालून रडू लागली. "आणि खरंच नाही आले हो!"

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि एक घास कसाबसा तोंडात घातला. भात अळणी होता. ज्या घराची रोजीरोटी मिठावर, त्या घरचा भात अळणी! भावजयीला आज मीठ घालायचं भान नव्हतं. बाईंनी चुलीशेजारच्या मिठाच्या बरणीत हात घातला.

बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं.

बाईंनी ते बाहेर काढलं. पांढरट खडा. वर्षानुवर्षं गालात राहून लोण्यासारखा गुळगुळीत झालेला.

"हा कुणाचा गं?"

भावजयीने डोळे पुसून बघितलं. "त्यांचाच. घरी असले की मिठातच ठेवायचे. जागेवर राहतो म्हणायचे. निघताना काढून घ्यायचे..." बोलता बोलता ती थांबली. "वन्सं, हा इथं कसा?"

बाईंनी तो पांढरा खडा चुलीपाशी ठेवला. कंबरेचा रुमाल सोडून दुसरा खडा काढला. काळा, खडबडीत. काल हा बघितला आणि भावाच्या शिस्तीचा अभिमान वाटला! काल आपले डोळे काय भाड्याने दिले होते? भाऊ घरातून निघाला तो खडा न घेता. आज सुट्टी, असं सांगून. खड्याशिवाय तो गुहेच्या उतारावर पाय ठेवणं शक्य नव्हतं. मग ओताऱ्याच्या दारातून सरळ गुहेकडे गेला तो कोण?

आणि हा खडा कोणाचा?

तो लहान होता. मोठ्या माणसाच्या खड्याच्या निम्मा. बाईंनी क्षणभर विचार केला, आणि जे या शहरात कोणी करत नाही ते केलं. दुसऱ्याचा खडा तोंडात घातला. भावजय किंचाळलीच. बाईंनी डोळे मिटले. खड्याच्या बाजूंची माती जिभेवर हळूहळू विरघळली आणि आत भोक लागलं. आरपार. चव तुरट, जुन्या भांड्याला जीभ लावल्यासारखी.

त्यांनी खडा तळहातावर थुंकला आणि खिडकीच्या उजेडात धरला. भोकाच्या कडेला हिरवा डाग होता. तांब्याचा.

"अगं बाई," बाई म्हणाल्या. मग दोन्ही खडे रुमालात बांधून त्या उठल्या.

५

दुपारी सगळं शहर चाकापाशी जमलं. कोणी घोंगड्या पांघरून आलं होतं, जणू थंडी आत्ताच सुरू झाली. नगरप्रमुख घाम पुसत होते. दगडवाला हमाल घेऊन हजर होता. ओतारी सगळ्यांत पुढे होता, धुतलेल्या कपड्यांत.

बाईंनी चाकाच्या दांड्यावर हात ठेवला.

"ओतारीकाका, या. जोडीने फिरवू. तुम्ही माझ्याहून जास्त वाट बघितली आहे."

ओतारी जवळजवळ धावतच आला. त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला.

"फिरवण्याआधी चौकशी पुरी करते," बाई मोठ्याने म्हणाल्या. "दारवान, माझा भाऊ शेळ्यांना मीठ द्यायला कधी चुकला होता?"

"कधीच नाही."

"परवा दिलं नाही, कारण गाडीत मीठ नव्हतं. थोरलीने चाटून नेलं नाही, मुळात ते नव्हतंच. तो धाव बसवायला रिकामी गाडी घेऊन घरून निघाला होता. मग ताडपत्रीखाली काय होतं? ज्याने ती ढकलली तो बोलला का नाही? घोंगडी का काढली नाही?"

गर्दीत कुजबुज उठली. दारवानाने तोंडावर हात घेतला.

"ताडपत्रीखाली माझा भाऊ होता. मेलेला." बाईंनी पांढरा खडा वर धरला. "हा त्याचा खडा. घरी मिठाच्या बरणीत होता. मारणाऱ्याने त्याच्या छातीवर ओरखडे काढले, त्याचे खिसे उलटेपालटे केले, पण खडा सापडला नाही. आता प्रेताच्या तोंडात खडा नसेल तर शेंबडं पोरही विचारणार, हा खाली गेलाच कसा? कुणाचा तरी खडा घालणं भाग होतं. नदीवर जायला वेळ नव्हता. त्याच्याजवळ एकच जास्तीचा खडा होता. भोक मातीने बुजवून त्याने तोच घातला. आत गाडी सोडली आणि दाराने परत आला नाही. घंटेच्या विहिरीतून वर चढला. त्या विहिरीची शिडी शहरात एकाच माणसाकडे आहे."

ओताऱ्याने दांडा सोडला नव्हता. बाईंनी त्याची मूठ सोडवली आणि तळहातावर काळा खडा ठेवला.

"तिचा खडा तिच्याबरोबर गेला म्हणालात. मग हा माझ्या भावाच्या तोंडात कसा आला? आणि याची तांब्याची कडी कुठे काढून ठेवलीत, काका?"

ओतारी खड्याकडे बघत राहिला. नाही म्हणायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याचं सगळं अंग एकदम म्हातारं झालं.

"कडी सैल झाली होती," तो म्हणाला. "त्या दिवशी मीच तिच्या गळ्यातून खडा काढून घेतला होता. घट्ट करून देतो म्हटलं, तोवर खेळ. तोवर..." त्याने मान वर केली आणि आता त्याच्या डोळ्यांत आग होती. "पण खाल्लं तिनं! त्या सैतानिणीनं! आणि तुम्ही सगळे तिच्यावर कपडे वाळवता! माझी पोर खाऊन ती जो श्वास सोडते त्यावर हात शेकता! मला चाक हवं होतं. नाही दिलंत."

"म्हणून माझा भाऊ?"

"कोणाच्याही भावाने काय झालं असतं? लोक रडून गप्प बसले असते. तुम्ही गप्प बसला नसता. या शहरात माझ्याएवढा राग करू शकेल अशी तुम्ही एकटी, बाई. मला तुमचा राग हवा होता."

हे ऐकून बाईंना वाटलं, आत्ता, इथेच, याचा गळा धरावा. त्यांनी कालपासून जो राग पोटाशी धरून सांभाळला, तो याने त्यांच्याकडून भाड्याने घेतला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांनी स्वतःच्या हाताने भावाच्या मुक्या जनावराला उकळत्या चुन्यात मारलं असतं.

"टाका त्याला टाकीत!" गर्दी ओरडली. दगडवाल्याच्या हमालांनी त्याला धरलंसुद्धा.

"थांबा," बाई म्हणाल्या. "कायद्याने हा माझा आहे."

ओतारी जवळजवळ हसला. "टाका. पोरीकडेच जाईन."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "एवढ्या स्वस्तात तुम्हाला सोडू? नगरप्रमुख, मीठवाल्याची जागा रिकामी आहे. ती याला द्या. रोज सकाळी याने गाडी घेऊन खाली जायचं आणि थोरलीला स्वतःच्या तळहातावरून मीठ चाटवायचं. माझा भाऊ चाटवायचा तसं. मरेपर्यंत. शिडी जप्त करा आणि याचा स्वतःचा खडा माझ्याकडे द्या. हा जाईल तो पोरीचा खडा तोंडात धरून."

तेव्हा ओतारी पहिल्यांदा ओरडला. टाकीत टाका, टाकीत टाका म्हणून त्याने बाईंचे पाय धरले. बाईंनी पाय मागे घेतले नाहीत. त्याचं ओरडणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

६

पहिल्या सकाळी बाई भावजयीला घेऊन गुहेच्या दाराशी गेल्या. दारवानाने शेळ्यांसाठी मूठभर मीठ काढून घेतलं आणि दार उघडलं. ओतारी गाडीला हात लावून उभा होता. बाईंनी त्याचं तोंड स्वतःच्या हाताने उघडलं आणि तो लहानसा काळा खडा आत ठेवला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज नव्हता. आवाज करायची आता सोय नव्हती.

गाडीची चाकं उतारावरून खडखडत अंधारात गेली. थोड्या वेळाने खालून खरखरीत जिभेचा आवाज आला. थोरली मीठ चाटत होती.

भावजयीने पदर घट्ट ओढला. "वन्सं, कधीतरी त्याला राहवणार नाही. एक दिवस तो खडा थुंकेल आणि ओरडेल."

"हो. त्या दिवसासाठीच मी रोज येणार आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून भावाचा धुतलेला सदरा काढला, झटकला आणि रस्त्यातल्या जाळीवर नीट पसरला. खालून ऊब येत होती. दुपारपर्यंत वाळेल, असं त्या म्हणाल्या.